'डिटेस्ट' शिकवला तो तास

"बाबांनी परदेशातल्या बाईला रडवलं, म्हणून मी लॅपटॉपचा पासवर्ड बदलला." सून हे वाक्य आल्यागेल्याला चहाबरोबर देते, धाड गावच्या व्याह्यांनाही ते आता पाठ झाले आहे. ते अर्धवट आहे, म्हणून खोटे आहे.

सून लोणारच्या आमच्या घरी बसून तैवानमधल्या चिनीभाषक प्रौढांना लॅपटॉपवर इंग्रजी शिकवते. त्या मंगळवारी बुलढाण्याहून येताना तिची एसटी वाटेत बंद पडली. "बाबा, आजचा तास सांभाळा," असे फोनवर तिनेच सांगितले. उभी हयात शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाला आणखी काय हवे?

धडा 'डिटेस्ट' या शब्दाचा होता. एकाला वांगी डिटेस्ट, दुसऱ्याला सोमवार. त्यांच्या भाषेत नावडीसाठी एक हलका शब्द आहे, लाडातही चालणारा. त्याच सवयीने ते हा जड शब्द उधळत होते. मी बजावले, "वांग्यांना 'डोन्ट लाइक' पुरे. ज्याने आतून तिटकारा येतो, त्याबद्दल खरे वाक्य सांगा."

मग एक प्रौढ बाई हळूच म्हणाली, "आय डिटेस्ट द स्मेल ऑफ हॉस्पिटल्स." तिची आई रुग्णालयातच वारली होती. बाई रडली, हे मी कधीही नाकारलेले नाही. नेमकी त्याच क्षणी सून दारात आली, पडद्यावरचे रडणे तिने पाहिले आणि तशीच स्वयंपाकघरात सासूकडे गेली. आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला.

"काऊन रडवलं हो त्या बाईले? गावची पोरं रडवून झाली, आता चीनवाले उरले व्हते का?"

"मी शिकवतो आहे!"

"हाव, तेच तं म्हनून राह्यली मी!"

तेव्हापासून दर मंगळवारी त्या खोलीचे दार बंद असते. आत कोणी पावसाला डिटेस्ट म्हणतो आणि सून "व्हेरी गुड" म्हणते. मला ते ऐकवत नाही. आठवड्यातला एक तास मला द्यावा, अशी रीतसर मागणी मी केली आहे. "पुन्हा कोणी रडलं तर, बाबा?" एवढेच तिचे उत्तर.

पुढचे तिने पाहिलेलेच नाही. ती आत माझी तक्रार करत असताना त्या बाईने डोळे पुसले, पाठ सरळ केली आणि मी न सांगता तेच वाक्य पुन्हा एकदा, मोठ्याने म्हटले.