हात चोळून घ्या

तळहात एकमेकांवर चोळून गरम केल्याशिवाय मामा कुणाच्याही छातीला हात लावत नसत. “गार हात लागला की काळीज दचकतंय, पावणं,” असे म्हणत ते एकेक वायर जोडत. कोल्हापुरातल्या आमच्या रुग्णालयात ईसीजी काढण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि सगळेच त्यांना मामा म्हणत.

शाहूवाडीच्या एका आजोबांनी घाबरून विचारले होते, “करंट बसतोय काय ओ?”

“न्हाय ओ. ह्ये मशीन नुसतं ऐकून घेतंय. घरातल्यांपेक्षा बरं हाय.” आजोबा खदखदून हसले, तसे मामांनी दटावले, “आता हसू नगा, कागुद थरथरतोय!”

मी तेव्हा इंटर्न होते आणि हृदयरोगतज्ज्ञ व्हायचे हे माझे पक्के ठरले होते. दुसऱ्याच आठवड्यात मी स्वतः काढलेल्या ईसीजीवरून निदान केले: रुग्णाचे हृदय उजव्या बाजूला आहे. इतका दुर्मीळ रुग्ण सापडल्याच्या आनंदात मी कागद घेऊन वरिष्ठांकडे धावत निघाले. मामांनी दारातच अडवले.

“छातीवर हात ठिवून बघितलासा?”

नव्हता ठेवला. ठेवला, तर ठोके डावीकडेच होते. दोन्ही हातांच्या वायरींची मी अदलाबदल केली होती.

“कागुद मागनं, डॉक्टरीणबाई. माणूस आधी.”

ही गोष्ट त्यांनी दुसऱ्या कुणालाही सांगितली नाही. मला मात्र रोज सांगितली.

एमबीबीएसनंतर एमडीची तीन वर्षे, मग हृदयरोगाच्या डीएमची तीन, आणि प्रत्येक पदवीच्या दारात एक प्रवेशपरीक्षा, हे गणित मी त्यांना एकदा मांडून दाखवले. “म्हंजे तवर म्या रिटायर हुतोय की! असू दे. माझं हार्ट तुम्हालाच दावणार, दुसऱ्या कुणाला न्हाय.”

“शब्द द्या,” मी म्हणाले. त्यांनी दिला. असे शब्द तुम्हीही कुणाकडून सहज घेतले असतील.

डीएमच्या प्रवेशपरीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले, तेव्हा निवृत्त मामांचा फोन आला. “एक वर्स जास्ती थांबतो. त्यात काय?” हे वाक्य मी केवळ सांत्वन समजले.

पुण्यात डीएमच्या शेवटच्या वर्षाला असताना मामींनी फोन केला. “जिना चढताना तीनदा थांबत्यात. दवाखान्यात चला म्हटलं की तुमचं नाव सांगत्यात. अजून किती दिस हायती ओ तुमचं?”

अकरा महिने होते.

दुसऱ्या दिवशी मी ईसीजीचे छोटे यंत्र घेऊन त्यांच्या घरी पोहोचले. हात चोळले, वायरी जोडल्या, कागद बाहेर आला. मामांनी तो पडल्यापडल्याच पाहिला.

“डॉक्टरीणबाई, माझं बी हृदय उजवीकडं गेलं व्हय?”

इतक्या वर्षांनी, इतक्या परीक्षा देऊन, मी पुन्हा तीच चूक केली होती. आम्ही दोघेही पोट धरून हसलो. मग वायरी बदलून दुसरा कागद काढला. त्यावर कुणीच हसले नाही. आयुष्यभर त्याच रेषा पाहिलेल्या माणसाला समजावून सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

“मामा, माझे अकरा महिने बाकी आहेत. तुम्हाला तितके थांबता येणार नाही.”

“पर शब्द दिलाय न्हवं?”

“तो मी परत करते. इथलेच एक सर आहेत, त्यांच्याकडे जाऊ.”

त्यांनी कागदाची घडी करून उशाखाली ठेवली. मग म्हणाले, “त्या डॉक्टरचा हात कसा हाय?”

कोल्हापुरातल्या त्याच सरांनी त्यांची अँजिओप्लास्टी केली. अडथळा निघाला. त्यानंतर दोन वर्षे मामा न थांबता जिना चढले. माझ्या ओपीडीच्या पहिल्या दिवशी रीतसर नंबर लावून बसलेही होते. आता ते नाहीत. मला मात्र आठवते ते अँजिओप्लास्टीच्या दिवशी काचेपलीकडून पाहिलेले टेबल. हातमोजे घालण्याआधी सरांनी नाडी पाहायला त्यांचे मनगट धरले. मामा दचकले. त्यांनी हात सोडवून घेतला, सरांचे दोन्ही तळहात आपल्या हातांत धरले आणि शांतपणे चोळू लागले.

“थांबा जरा, सर,” ते म्हणाले. “गार हायती.”