दिग्रसच्या जिनिंगची पार्टनरशिप

आमच्या तांड्यात इस्त्रीचे कपडे घातलेला परका माणूस आला आणि कोणाची शेती-विहीर विचारू लागला, की तो सोयरिकीच्या चौकशीला आलाय असं धरून चालतात. त्याला खेमसिंगकाकांकडे पाठवतात. काका कोरड्या विहिरीला बारमाही पाणी लावून देतात, टिनाच्या घरावर स्लॅब टाकतात, भाड्याच्या ट्रॅक्टरचा मालक बदलतात. पैसे घेत नाहीत. जेवण सोडत नाहीत. अर्धा तांडा त्यांच्या शब्दावर संसार करून राहिला आहे.

त्यांची स्वतःची जमीन म्हणजे टेकडीवरचा मुरूम. तरी यंदा त्यांच्या रंजिताचा यवतमाळला इंजिनीअरिंगला नंबर लागला. फी सरकार भरणार होतं, फक्त उत्पन्नाचा दाखला हवा होता. दाखला नाही तर ॲडमिशन नाही.

तलाठी स्वानंद नवे होते, आणि नव्यांना असते तशी त्यांना सत्याची आवड होती. अहवाल लिहिण्याआधी ते थेट तांड्यावर आले. काका शेतात होते. लिंबाखाली बसलेल्यांना तलाठ्यांनी एवढंच विचारलं, "खेमसिंगचं कसं काय आहे?"

लिंबाखालच्यांना वाटलं, रंजितासाठी पाहुणे. काकांचे उपकार फेडायची वेळ आली.

"दोन विहिरी हायेत," धावजी म्हणाला.

"ट्रॅक्टर सोताचा," जमनीकाकू म्हणाली. "नवा."

उत्तमसिंगच्या वाट्याला काही उरलं नव्हतं. त्यानं थेट कापसाच्या कारखान्याला हात घातला, "दिग्रसच्या जिनिंगात पार्टनरशिप हाये."

तलाठ्यांनी सगळं लिहून घेतलं.

संध्याकाळी काकांना कळलं. त्यांनी आधी विचारलं, "जिनिंग कोणं सांगतली?" आवाजात थोडं कौतुक होतं.

"बा, माही ॲडमिशन जाऊन राह्यली," रंजिता म्हणाली, "अन् तुमाले जिनिंगचं पडलं?"

दुसऱ्या दिवशी काका तलाठ्यांना भेटले. आपण गरीब आहोत म्हणाले. जिनिंगवाले असंच म्हणतात, तलाठी म्हणाले. तांड्यातले जबाब बदलायला तयार होते, पण आता त्यांचं कोण ऐकणार? जो काकांबद्दल कधी चांगलं बोललेला नाही, असा साक्षीदार पाहिजे होता.

असा एकच होता, भीमसिंग. त्याच्या पोराला, जीवनला, बघायला पाहुणे आले, त्याच आठवड्यात शेताच्या धुऱ्यावरून दोघांचं भांडण झालं होतं आणि काकांनी जन्मात एकदाच पाहुण्यांना खरं सांगितलं होतं. सोयरीक मोडली. बोलणं बंद झालं.

काकांच्या चंदाबाईकाकूनं नवऱ्याला ढकलतच भीमसिंगच्या दारात नेलं.

"कायले आला?" भीमसिंग म्हणाला.

"तलाठ्याले माह्याबद्दल खरं सांग."

"सगळं?"

"सगळं."

भीमसिंग अंघोळ करून, टोपी घालून आला. तलाठ्यांसमोर तो मन लावून बोलला. विहीर नाही. ट्रॅक्टर नाही. जिनिंग यानं फक्त बाहेरून पाहिली. बैल एकच, तोही लंगडा. काका मान खाली घालून बसले होते. बैलापाशी मात्र राहवलं नाही.

"लंगडा नाई. थांबून थांबून चालते."

"थांबून चालते तोच लंगडा," चंदाबाईकाकू म्हणाली. "तुमी चूप बसा."

दाखला मिळाला. रंजिता यवतमाळच्या बसमध्ये बसली.

दिवाळीनंतर जीवनसाठी पुन्हा पाहुणे आले. भीमसिंगकडून काकांना जेवायला बोलावणं आलं. पाहुण्यांनी विहिरीचं विचारलं.

"बारमाही पाणी," काका म्हणाले. मग भीमसिंगकडे एकदा पाहून त्यांनी भाकरी मोडली. "अन् दिग्रसच्या जिनिंगात पार्टनरशिप हाये."