डाव्या सीटवरचं वजन

गाडीला नवी चाकं घेताना विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बघू? मासिकातल्या चकचकीत फोटोवर? मित्रावर? की माझ्यासारख्या दुकानदारावर, ज्याला आपला माल खपवायचाय?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत टायर आणि अलॉय व्हील विकण्यात माझी उमर गेली. शाळा अर्धवट सुटली, जे शिकलो ते गिऱ्हाइकांकडे बघून शिकलो. आमच्या धंद्यात जुने टायर आणि किस्से, दोन्ही आपोआप साठत जातात. टायर न्यायला भंगारवाला तरी येतो!

त्यातले अर्धेअधिक किस्से एकट्या सन्मतीचे. हातकणंगल्याकडच्या जैन शेतकरी घरातला पोरगा. वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीन शॉप. दोघं एकाच शेडमध्ये काम करायचे. दोन हजार सालच्या पुढे-मागे ह्या पठ्ठ्यानं पुण्याहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन दारं, दोनच सीटा. इतकी बुटकी, की सिग्नलला रिक्षावाले वाकून आत बघायचे!

* * *

अलॉयच्या पाठीमागं एक आकडा कोरलेला असतो. त्याला ऑफसेट म्हणतात. बोल्ट आवळायची जागा चाकाच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते तो सांगतो. आकडा मोठा असेल तर चाक मडगार्डच्या आत दडतं, लहान असेल तर बाहेर डोकावतं.

हे मी सन्मतीला चहाचा कप आणि बशी आडवी धरून समजावलं. कंपनीचा आकडा होता अडतीस. पोरानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मामा, आकडा जेवढा कमी, तेवढं चाक बाहेर?"

"व्हय."

"आणि बाहेर आलं की गाडी लई भारी दिसणार?"

"दिसंल की."

"मग शून्याचंच द्या!"

* * *

मी दिलं नाही, म्हणून स्वारी दुसरीकडं गेली आणि मोठ्या रिमवर उंच टायर चढवून आली. मी कपाळाला हात लावला. रिम मोठी घेतली, की टायरची उंची तेवढी कमी घ्यायची. चाक एकूण होतं तेवढंच राहिलं पाहिजे. नाहीतर एका फेरीत ते जास्त अंतर कापतं, आणि वेगाच्या काट्याला त्याचा पत्ताच नसतो.

"काट्याचं काय एवढं मनावर घेता मामा?" म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात हायवेवर हवालदारानं अडवलं. ह्यानं छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, काटा बघा की, मर्यादेतच हुतो!"

हवालदार खिडकीत वाकून म्हणाला, "बरं मग, काट्याला खाली उतरवा. त्याच्या नावानं पावती फाडतो!"

उंच टायर गेले. पण त्यांच्या जागी आला नवा नाद. बुटक्या स्प्रिंगा बसवून त्यानं गाडी आणखी खाली घेतली.

* * *

आता गंमत ऐका. नजर लागू नये म्हणून सन्मतीच्या आईनं, आक्कांनी, बंपरखाली एक जुनी काळी चप्पल बांधली होती. गाडी खाली आली आणि चप्पल रस्त्याला टेकली. राजारामपुरीच्या एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाईपर्यंत फर्र-फर्र आवाज! माणसं वळून बघायची. नजर लागायची ती उलट जास्तच लागायला लागली.

माझ्याच दुकानासमोर पोरगं म्हणालं, "आक्का, चप्पल जरा वर बांधू काय?"

आक्का ठसक्यात म्हणाल्या, "चप्पल हाय तिथंच ऱ्हाईल. गाडी वर घे!"

निघताना मात्र त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या चाकांमागं पोरगं एवढं पळालंय. त्यातलं निम्मं बापामागं पळालं असतं तर! एकदा ह्यास्नी त्या गाडीत बसलेलं बघायचंय मला."

* * *

तर भानगड अशी होती. गाडी पोराच्या कमाईची, पण आणताना आप्पांना विचारलं नव्हतं. आप्पांनी नाही म्हटलं असतं, असंही नाही. विचारलं नाही, एवढंच लागलं. त्या दिवसापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. काम मात्र चालू! शेडमध्ये मधे फोरमन असायचा. "त्याला सांग, ड्रिल बदल." "त्यांना सांग, बदललंय."

आप्पा ट्रॉलीचे टायर घ्यायला माझ्याकडे यायचे. लेक तिथंच असला, की फोरमनची नोकरी मला लागायची.

"पावणं, विचारा त्याला, जेवला का."

"मामा, सांगा त्यास्नी, जेवलो."

"काय भाजी हुती, विचारा."

मी म्हणालो, "आप्पा, तो तुमच्याच घरात जेवतोय की हो!"

आप्पा म्हणाले, "ते झालंच. पण त्याला आवडली का, ते कुठं कळतंय?"

मी विचारलं. आवडली होती म्हणे.

* * *

शेवटी सन्मतीनं मनासारखी चाकं निवडली आणि माझ्याच दुकानात चढवून घेतली. रुंद, आणि ऑफसेट कमी. मी म्हणालो, "घासतील."

"मोजलंय मी. बोट जातंय मधनं."

टायर आणि मडगार्डच्या मधून बोट खरंच जात होतं. पण त्यानं मोजलं होतं ते एकट्यानं, डावी सीट रिकामी असताना.

"आणि तिथं कोण बसणार?"

"कोण बसतंय मामा? एकटाच तर फिरतोय." हे तो चाकाकडं बघत बोलला.

आप्पा बाकावर चहा पीत बसले होते. अंगानं चांगले दणकट. माझा फिटर म्हणजे निव्वळ काडी. मी म्हणालो, "आप्पा, जरा डाव्या सीटवर बसता? चाक घासतंय का बघायचंय. वजन पायजे."

"एखादं पोतं टाका की."

"पोतं कुठनं आणू? तुम्ही आयते हाय."

कामाला नाही म्हणायची आप्पांना सवय नव्हती. धोतर सावरून ते आत उतरले. बसले कसले, उतरलेच! गाडी डावीकडून खाली आली. मघाशी बोट जात होतं, तिथून आता पोस्टकार्ड जाणं मुश्कील. मी टायरच्या कडेला गोल खडू मारला. घासलं, तर तेवढा खडू पुसणार.

"दोन स्पीडब्रेकर आणि एक वळण घेऊन या," मी म्हणालो. "पाच मिनिटांचं काम."

आप्पा आतून मला म्हणाले, "पावणं, त्याला सांगा, हळू घे म्हणावं."

"मी बाहेर हाय आप्पा," म्हणालो आणि दार लावून टाकलं.

पाच मिनिटं झाली. तास झाला. सन्मतीचा मोबाईल लागेना. चाक घासून टायरची कड कापली गेली, तर? आत दोघंही आहेत, आणि पाठवलंय मी! फिटरला स्कूटर देऊन पिटाळलं, तो सगळ्या गल्ल्या फिरून हात हलवत परत आला.

दिवेलागणीला गाडी आली. कोल्हापुरात दिवसभर नुसती भुरभुर, आणि ही जणू नदीतून काढलेली. दारापर्यंत लाल चिखल.

"अरे, कुठं गेलता?"

"गगनबावड्याला," सन्मती म्हणाला.

मी गुडघ्यावर बसून टायर बघितला. घाटातल्या पावसानं खडू पार धुऊन नेला होता. काही कळायला मार्ग नाही.

"घाटात घासलं का चाक?"

बापानं लेकाकडं बघितलं, लेकानं बापाकडं.

"अहो, घासलं असंल तर आवाज आला असंल की!"

आप्पा म्हणाले, "आम्ही बोलत हुतो न्हवं. ध्यानातच आलं न्हाय."

मग ते गाडीतून खालीच उतरले नाहीत. काच खाली करून म्हणाले, "परत मारा खडू. उद्या पुन्यांदा जाऊन बघतो. आणि पावणं, खडू आता रोज लागंल, तेवढा बिलात लावून ठेवा!"