टेप मारलेलं बटण

काळ्या इन्सुलेशन टेपचा वास आला की सणसवाडीची ती पत्र्याची खोली आठवते. माझ्या रूम पार्टनरचा उजवा अंगठा आमच्या कंपनीतल्या पत्रे दाबायच्या प्रेसखाली गेला होता. बँडेज निघाल्यावर एका दुपारी त्यानं मोबाईल माझ्यापुढं सरकवला, "आता गेम कसा खेळू?" मी सेटिंगमध्ये जाऊन गोळी झाडायचं बटण वर, त्याच्या तर्जनीखाली नेलं, खाली बसायचं बटण मोठं करून डाव्या अंगठ्याजवळ आणलं. "कुणाला मारायला जाऊ नको, भिंतीआड बसून राहा," मी म्हणालो. तापलेल्या पत्र्याखाली घाम पुसत तो बसून राहिला आणि शंभर खेळाडूंतून जिवंत उरलेल्या शेवटच्या पाचात आला. मी खुशीत त्याच्या पाठीवर थाप मारली. स्क्रीनवरची नजर न काढता तो म्हणाला, "प्रेसला बी दोन बटणं व्हती, एकदम दाबली तरच ती खाली यायची. दोन्ही हात गुंतले की बोटं आत जात न्हाईत. माल लवकर निघावा म्हणून एक बटण दाबून त्यावर टेप तूच मारली व्हतीस ना?" कंपनीच्या चौकशीत मी हे बोललो नव्हतो. महिन्याभरात तो गावी निघून गेला. माझे दोन्ही अंगठे शाबूत आहेत, तरी मी अजून त्याच्याच बटणांच्या मांडणीवर गेम खेळतो, भिंतीआड बसून.