बर्फाखालची कॉलनी

बरण्या आणि किस्से, दोन्ही टाकून देववत नाहीत. फडताळं भरत जातात आणि एक दिवस दार लागेनासं होतं. मी वेलिंग्टनमध्ये एका संग्रहात बरण्या सांभाळते. लोणच्याच्या नव्हेत! अंटार्क्टिकाच्या समुद्रतळावरून आणलेल्या ब्रायोझोआंच्या. एकेक प्राणी मोहरीहून लहान, पण हजारो जण एकमेकांना चिकटून वसाहत करतात. दिसायला जाळी, नाहीतर वाळका शेपू. त्यांच्या भरमसाट प्रजाती आहेत आणि कित्येक फक्त त्याच गारठ्यात राहतात. त्या ओळखतो माझा बॉस, माल्कम.

*

सासूबाई पुण्याहून आमच्याकडे, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात आल्या, तेव्हा मी त्यांना हौसेनं लॅबमध्ये नेलं.

“हे सगळे कॉलनीत राहतात, आई.”

“मग कामं कोण करतं?”

“वाटून घेतात. काही जण सगळ्यांसाठी खातात. काही अंडी सांभाळतात. काहींना नुसती चोच असते. त्यांना खाता येत नाही, फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला चावतात.”

सासूबाईंनी चष्मा वर केला. “म्हणजे आमची सोसायटीच की गं! चोचवाले कमिटीवर आहेत ना?”

*

माल्कम मायक्रोस्कोपपासून सहसा हलत नाही. एका सकाळी तो चक्क नाचला!

“नवी प्रजाती! असला जांभळा रंग उभ्या आयुष्यात पाहिला नाही!”

दोन दिवस त्यानं चित्रं काढली, फांद्या मोजल्या. तिसऱ्या दिवशी थंडी वाढली, म्हणून मी आईनं विणलेला जांभळा स्वेटर पुन्हा घालून गेले. माल्कम माझ्या बाहीकडे बघत राहिला. मग चित्रांची घडी घालत म्हणाला, “आईला सांग, वीण उत्तम आहे.”

*

आमचा मित्र मंदार आयटीत आहे, म्हणजे त्याला सगळंच येतं. एकदा लॅबमध्ये येऊन माल्कमला म्हणाला,

“एवढी वर्षं डोळे कशाला फोडता? फोटो काढा, माझं ॲप पाच सेकंदांत ओळखेल!”

त्यानं फोटो काढला. ॲपनं खरंच पाच सेकंदांत सांगितलं: ‘हाताने विणलेला टेबलक्लॉथ. गार पाण्यात ठेवा.’

माल्कमनं मान डोलावली. “पाण्याचं बरोबर आहे.”

*

लेकीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. शाळेत विचारलं, आई काय करते?

“मम बेबीसिट्स डेड थिंग्ज. शीज सो गुड. दे नेव्हर क्राय.”

दुसऱ्याच दिवशी तिच्या बाईंनी मला भेटायला बोलावलं. अगदी मायेनं! खुर्चीजवळ टिश्यूचा बॉक्सही ठेवला होता.

*

आता क्रेगचा किस्सा. क्रेग आमचा नवा मॅनेजर. आल्या आल्या त्यानं फडताळं पाहिली आणि फर्मान काढलं, “सगळ्या बरण्या सारख्याच दिसतात. एक-एक ठेवा, बाकीच्या काढून टाका.”

माल्कमची उभी हयात कचऱ्यात! माल्कमनं मात्र शांतपणे काही महिन्यांची मुदत मागितली आणि मान खाली घालून कामाला लागला.

मुदत संपायच्या आत त्याचा लेख छापून आला. त्याच फडताळातल्या एका नव्या प्रजातीला त्यानं क्रेगचं नाव दिलं होतं!

क्रेग हरखून गेला. सगळ्या ऑफिसला मेल केली. माल्कमनं हळूच कानावर घातलं, “ज्या नमुन्याला तुझं नाव आहे, तो कायम जपावा लागतो. आणि तुलनेसाठी शेजारच्या बरण्याही.”

त्याच आठवड्यात फडताळाला कुलूप लागलं. फर्मानाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

मग क्रेग बायकोला घेऊन आला. माल्कमनं अदबीनं बरणी तिच्या हातात दिली.

“हा करतो काय?” तिनं विचारलं.

“फारसं काही नाही. एकदा जागा धरली की हलत नाही. जवळ येईल त्याला चावतो.”

तिनं बरणीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

“असे आणखी कुठे सापडतात का?”

“नाही. जगात फक्त अंटार्क्टिकातच.”

“थँक गॉड!”