विलोची काठी

काठी आणि बुंधा यांच्यामधलं अंतर अठरा सेंटिमीटर, चार मिलिमीटर. गेल्या रविवारी तेवढंच होतं, त्याच्या आधीच्या रविवारीही तेवढंच. प्रमदा वहीत आकडा लिहिते, पट्टी डब्यात ठेवते आणि व्हरांड्यातल्या कॉटवर आडवी होते. दुपारचे अडीच वाजलेत. पाचगणीचं माघातलं ऊन तिच्या पावलांवर येऊन थांबलंय, गुडघ्यांपर्यंत पोचत नाही. डोळे मिटले तरी आकडा आत दिसतोच. अठरा पूर्णांक चार.

झाड हललेलं नाही. सहा महिन्यांत मिलिमीटरभरही नाही. मग मघाशी तानूबाईला हे सांगताना ती वहीतच का बघत राहिली, ते तिला कळत नाही.

तानूबाई मागच्या खोलीत राहते. वीस वर्षं झाली. नवरा गेनबा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला. त्याचा पलंग ज्या भिंतीला आहे, तिच्यापासून नऊ फुटांवर विलोचं झाड. लांब, बारीक फांद्या जमिनीपर्यंत सोडून उभं असलेलं, शोभेचं. आषाढातल्या वाऱ्यात ते खोलीकडे कललं, आणि आणखी कलतंय का ते कळावं म्हणून प्रमदाने शेजारी काठी रोवली. तेव्हापासून तानूबाई दर रविवारी कंबरेवर हात ठेवून विचारते, "ताई, काय ठरलं मग?"

"मोजतेय, तानूबाई. घाई नको. तोवर तुम्ही दोघं घरात झोपायला या."

"पडायचंच असंल तर झाड पाडा की. मानसं कशापायी हलवताय?"

झाड पाडायची नगरपालिकेची परवानगी दिवाळीतच आली. कागद फडताळात, अक्काच्या साड्यांच्या घडीखाली आहे. अक्का म्हणजे प्रमदाची थोरली बहीण, सुमती. दोघी अविवाहित, दोघी या घरात बत्तीस वर्षं. अक्का आयुष्यात एकदाच लांबच्या प्रवासाला गेली, काश्मीरला, आणि येताना साबणाच्या डबीत ओल्या रुमालात गुंडाळून वीतभर काडी घेऊन आली. तिचं हे झाड झालं. अक्काला जाऊन दोन वर्षं होतील.

ऊन पावलांवरून सरकतं. अठरा पूर्णांक चार. अठरा...

"पमे, झोपलीस का?"

"हो."

"मग बोलतेस कशी?"

धुण्याच्या दगडावर अक्का बसलीय. पदर खोचलेला, पुढ्यात पत्र्याची बादली. विलोच्या कोवळ्या काड्यांचे बोटभर तुकडे करून ती बादलीत टाकतेय. हे काम प्रमदाला पाठ आहे. काड्या दोन दिवस भिजवायच्या, मग त्या पाण्यात कुठलीही फांदी ठेवली की ती मूळ धरते. गल्लीतले सगळे गुलाब, सगळ्या जास्वंदी याच बादलीतून गेल्यात. बायका बाटल्या घेऊन यायच्या. का होतं ते प्रमदा समजावून सांगायची आणि अक्का म्हणायची, "तिचं ऐकू नका. पाणी न्या."

"झाडाला एकही पान नाहीये सध्या," प्रमदा म्हणते. "कोवळ्या काड्या कुठून आणल्यास?"

"आहेत एका जागी. तू बघत नाहीस तिथे."

"मी दर रविवारी बघते."

"तू मोजतेस," अक्का म्हणते आणि काडी मोडते. काडीचा आवाज बोट मोडल्यासारखा येतो.

प्रमदाला बसावंसं वाटतं. स्टूल आहेच. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं, तीन पायांचं. टेबलही तेच, जिथे तिने एकतीस वर्षं मुलींना रोपांची मुळं मोजायला शिकवली. बादली आता टेबलावर आहे आणि तिच्या शेजारी काचेची चंचुपात्रं ओळीने मांडलीत. अक्का समोरच्या बाकावर, विद्यार्थिनींच्या जागी बसलीय. तिच्या साडीचे काठ ओले आहेत. फरशीवर थेंब पडतात आणि पडल्यावर एकाच बाजूला पळतात.

"वाचन घ्या, मॅडम," अक्का म्हणते. प्रमदाला मॅडम म्हणून चिडवायची तिची जुनी सवय.

प्रमदा वाकते. फळा टेबलाला समांतर आहे. खिडकीची चौकट फळ्याशी काटकोनात. स्टूल, बाक, कपाट, सगळं एकमेकांशी बरोबर जुळतंय. ती पट्टी लावून लावून बघते, कुठेच फरक नाही.

"बरोबर आहे सगळं," ती म्हणते.

"आणि पाणी?"

पात्रांमधलं पाणी तिरपं आहे. सगळ्या पात्रांमध्ये, एकाच कोनात. एका बाजूला काठाला टेकलंय, दुसऱ्या बाजूला तळ दिसतोय.

"पाणी असं तिरपं राहत नाही," प्रमदा म्हणते.

"नाहीच राहत. मग तिरपं काय आहे?"

ती उत्तर देणार तेवढ्यात कोणीतरी खोकतं. कपाटापलीकडे पलंग आहे. गेनबा उताणा पडून वर बघतोय. प्रयोगशाळेचं छप्पर पत्र्याचं आहे, तानूबाईच्या खोलीचं, आणि पत्र्याच्या सांध्यांतून लालसर, केसांसारखी मुळं खाली आलीत. ओली. हळूच हलणारी. एक गेनबाच्या उशीला टेकलंय.

"बाई," गेनबा अगदी अदबीनं विचारतो, "ह्ये किती खाली यील?"

प्रमदा वही उघडते. प्रत्येक पानावर अठरा पूर्णांक चार. तिच्या स्वच्छ, उभ्या अक्षरात. ती पानं उलटत जाते, दुसरा आकडा कुठेच नाही.

"गेनबा, ते हललेलं नाही," ती म्हणते. "माझ्याकडे नोंद आहे."

"बरं," गेनबा म्हणतो आणि मान वळवून मुळाला जागा करून देतो.

ते तिला बघवत नाही. "अक्का, याला उचल. तू पायाकडून धर."

"मी कशी धरू? मी मेलेय ना, पमे." अक्का हे सहज सांगते, दूध संपलं असं सांगावं तसं. "तूच उचल. नाहीतर झाड उचल."

"तुझं झाड आहे ते."

"काडी माझी होती. मी फाटकापाशी लावणार होते, आठवतं? तूच टेप घेऊन आलीस. म्हणालीस, धुण्याचं पाणी मुरतं तिथे लावू, विलोला पाणी लागतं. नऊ फूट पुरे."

प्रमदाला तो दिवस आठवतो. टेपचा पिवळा रंगसुद्धा. विलोची मुळं पाण्याच्या मागे कुठवर जातात हे तिला तेव्हाही माहीत होतं. सततच्या ओलीने जमीन भुसभुशीत होते हेही. पण काडी वीतभर होती, आणि इथे ती वर्षभरसुद्धा टिकणार नाही अशी प्रमदाची खात्री होती.

"माझं म्हणून ठेवलंयस ते, का जागा तू निवडलीस म्हणून?" अक्का विचारते. रागाने नाही. भाजीत मीठ टाकलंस का, असं विचारावं तशी.

दोघी पुन्हा बागेत आहेत. बादली रिकामी आहे आणि अक्का काठीशी वाकलीय. प्रमदाने बुंध्याशेजारी रोवलेली सहा फुटी काठी. आषाढात मोडून पडलेली फांदी, सरळ होती, हाताशी होती. पहिल्या दिवशी ओळंबा धरून तिने ती अगदी उभी केली होती.

"कशाची केलीस काठी?"

"याच झाडाची."

अक्का हसायला लागते. आवाज न करता, खांदे हलवत, जशी ती देवळात हसायची. "एवढं शिकलीस ग. बादलीत टाकली तर मूळ धरते, आणि ओल्या जमिनीत रोवलीस तर नुसती उभी राहील?" तिने काठीच्या बुडातून काहीतरी खुडलं आहे. प्रमदाचा तळहात उलगडून ती ते त्यात ठेवते आणि बोटं एकेक करून मिटते. तिचे हात गार आहेत, धुणं झाल्यावर असायचे तेवढेच. "धर घट्ट. आणि माझी निळी साडी तानूबाईला दे, उगाच तो परवानगीचा कागद सांभाळत पडलीय."

"अक्का, थांब."

"तू थांबू नकोस," अक्का म्हणते. पुढे ती काही म्हणत असते, पण ते तानूबाईच्या खोकल्यासारखं ऐकू येतं, आणि मग तो तानूबाईचाच खोकला असतो, मागच्या अंगणातला.

ऊन कॉटवरून गेलंय. तीन वाजून दहा मिनिटं. प्रमदाची उजवी मूठ मिटलेली आहे आणि बोटं दुखताहेत. ती मूठ उघडते.

एक पान. अरुंद, टोकदार, खालून रुपेरी. देठाचं टोक अजून ओलं आहे.

ती चष्मा लावते. उठून बसते आणि अंगणातल्या झाडाकडे बघते. महिनाभर त्यावर एकही पान नाही.

ओळंबा साधनांच्या डब्यात तळाला आहे, दोऱ्याला गाठी पडलेल्या. ती अनवाणीच खाली उतरते. काठीपाशी ती नेहमी पट्टी घेऊन समोरून उभी राहते. आज पहिल्यांदा मागे जाते आणि गुडघे टेकून वाळका पाला बाजूला करते. काठीच्या बुडाला हिरवी फूट आहे. चार पानं, आणि पाचव्याच्या जागी ताजी, ओली खूण. काठी हलवून बघते, हलत नाही. झाडाच्या मुळांच्या जाळ्यात तिची मुळं गेलीत. त्यापलीकडे जमिनीला लांब भेग आहे. ही भेग तिने समोरून पाहिलेली आहे, आणि माती सुकली असेल म्हणून सोडून दिलेली आहे.

ती उठून काठीच्या टोकावर दोरा धरते आणि ओळंबा सोडते. तो झुलतो, फिरतो, थांबतो. काठीचं बूड आणि ओळंब्याचं टोक यांच्यात पूर्ण वीतभर जागा आहे.

म्हणजे काठी उभी नाही. झाडाखालची सगळी जमीनच कलतेय, झाड आणि काठी दोन्ही घेऊन, बरोबरीने, खोलीकडे. मधलं अंतर बदलणार कुठून.

प्रमदा पट्टी काढत नाही. दोरा हातात तसाच धरून ती वळते. दारात तानूबाई उभी आहे, कंबरेवर हात.

"ताई, आज दोनदा मोजताय? काय ठरलं मग?"

"माझं मोजणं चुकलं, तानूबाई. सहा महिने चुकत होतं." या वेळी ती तानूबाईच्या डोळ्यांत बघून बोलते. "गेनबांना आत्ता घरात आणायचं, अक्काच्या खोलीत. तू डोक्याकडून धर, मी पायाकडून धरते. झाडं तोडणाऱ्या येसूला फोन करून सांग, उद्या सकाळी करवत आणि दोन माणसं घेऊन ये. आधी ही काठी मुळासकट काढून फाटकापाशी लावायची. आणि मग झाड पाडायचं."