लाल दिव्यानं मावशीला चोर ठरवलं

शेतकरी गटाच्या अध्यक्षांना मी तेव्हाच ठणकावून सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. अजून स्वतःचाच राग येतो.

झरीजवळच्या आमच्या गावात गटानं सोयाबीनचं बियाणं वाटायला काढलं होतं, दर शेतकऱ्याला एकच बॅग. कुणी दोनदा नेऊ नये म्हणून मी गटाच्या जुन्या मोबाईलवर एक प्रोग्राम बसवला. खरं तर एका गावची नावं ती केवढी! सरळ यादी ठेवली असती तरी भागलं असतं. पण मला परभणीत शिकलेलं मिरवायचं होतं ना! म्हणून नावं साठवायचीच नाहीत, नुसती कोऱ्या चौकटींची एक ओळ. बॅग नेली की त्या माणसाच्या आधार नंबरावरून गणित करून तीन चौकटींत खुणा करायच्या. पुढं कुणीही आला की त्याच्या तीन चौकटी बघायच्या. एक जरी कोरी असली तर हा माणूस आलेलाच नाही, शंभर टक्के. तिन्हींत खुणा असल्या तर मात्र बहुतेक येऊन गेलाय. बहुतेकच, कारण त्या खुणा दुसऱ्यांच्याही असू शकतात. जागा चिमूटभर लागते, बदल्यात असा घोळ कधीमधी होणारच. म्हणून तिथं मी पिवळा दिवा ठेवला होता. पिवळा लागला की गोदामाच्या फाटकावरच्या माणसानं थांबायचं, रजिस्टरात बॅग नेल्याचा अंगठा आहे का बघायचं.

अध्यक्ष म्हणाले, "पिवळं बघून फाटकावरचा माणूस घुटमळायलाय, लाईन खोळंबायली. लालच करून टाका की, लाल दिसला की सरळ परत पाठवायचं."

आणि मी गाढवानं केलं!

दुपारी मावशीचा नंबर आला. माझी सख्खी मावशी. दिवा लाल. फाटकावरचा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "ओ बाई, एकदा नेली ना? परत कशाला आलाव?" मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. "म्या न्हाई नेली रे बाबा, लेकराची शप्पथ," मावशी म्हणत राहिली.

मी धावत जाऊन रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढं अंगठाच नव्हता. "बघा! चूक माझ्या मशीनची हाय, मावशीची न्हाई!" घसा फोडून सांगितलं, चौकटींचं समजावलं. कुणी ऐकेल तर शपथ! "मशीन कसं काय चुकंल?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "भाचाच हाय ना, मावशीकडूनच बोलणार." रजिस्टर पुढं केलं, तर अध्यक्ष म्हणतात, "अंगठा घ्यायचा राहिला असंल." कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

शेवटी तेच वैतागले. "जाऊ द्या हो, म्हातारं माणूस हाय. देऊन टाका तिला अजून एक."

मावशी बॅग उचलायला वाकली. मग ते 'अजून एक' ध्यानात आलं आणि सरळ उभी राहिली.

"राहू दे," ती मला म्हणाली. "ही घिऊन गेले, तर समदे म्हणतील दोन नेल्या."

आणि रिकाम्या हातानं घराकडं निघाली.